कोसोवो १३८९: सहाशे वर्षांनी पुन्हा पेटवलेली लढाई

२८ जून १९८९ रोजी युगोस्लाव्हियातल्या कोसोवो प्रांतात, प्रिश्तिना शहराजवळच्या गाझीमेस्तानच्या माळावर लाखो सर्ब जमले होते. सर्ब आणि ऑटोमन तुर्क यांच्यातल्या कोसोवोच्या लढाईला त्या दिवशी सहाशे वर्षे पूर्ण होत होती. सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच भाषणात म्हणाले की, सहा शतकांनंतर आपण पुन्हा लढायांना तोंड देत आहोत. त्या शस्त्रांच्या लढाया नाहीत, पण तशा होणारच नाहीत असे अजून म्हणता येत नाही. दोन वर्षांत युगोस्लाव्हिया फुटायला लागला. मग क्रोएशिया, बोस्निया आणि शेवटी खुद्द कोसोवो, असे जवळपास दशकभर रक्त सांडत राहिले.

त्या काळात युरोप-अमेरिकेतले अनेक नेते आणि पत्रकार म्हणत, बाल्कनमधले हे वैर शतकानुशतकांचे आहे, त्यात बाहेरच्यांनी काय करायचे? आपल्याकडच्या बातम्यांमध्येही ते वाक्य आले आणि अनेकांना ते पटले. मला ते घातक वाटते. १३८९ पासूनचा माग काढला, तर हे वैर सहाशे वर्षे अखंड चालत आलेले दिसत नाही. ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी, माणसांनी पुन्हा उभे केलेले दिसते.

मूळ लढाईबद्दल खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे तो १५ जून, संत विटसचा दिवस होता. सर्ब त्याला 'विदोवदान' म्हणतात आणि आता तो २८ जूनला पाळतात. एका बाजूला सर्ब राजपुत्र लाझार आणि त्याचे मित्र, त्यात बोस्नियाच्या राजाने पाठवलेले सैन्य. दुसऱ्या बाजूला ऑटोमन सुलतान मुराद पहिला. दोघेही मेले. रणांगणावर मारला गेलेला मुराद हा एकमेव ऑटोमन सुलतान. जिंकले कोण, हे तेव्हाही स्पष्ट नव्हते. बोस्नियाच्या राजाने फ्लॉरेन्सला आपल्याच विजयाची वार्ता कळवली आणि फ्लॉरेन्सने त्याचे अभिनंदनही केले. सर्बियाचे राज्य त्या दिवशी बुडाले नाही. ते बुडाले १४५९ मध्ये, सत्तर वर्षांनी.

त्या सत्तर वर्षांत जे घडले, ते आज कोणत्याही सभेत सांगितले जात नाही. लाझारची मुलगी ऑलिव्हेरा मुरादच्या मुलाला, सुलतान बायेझिदला दिली गेली. लाझारचा मुलगा स्टेफान बायेझिदचा मांडलिक झाला. १३९६ मध्ये निकोपोलिसला हंगेरी आणि फ्रान्सच्या सरदारांची क्रुसेडची फौज ऑटोमनांवर चालून आली, तेव्हा हा स्टेफान सुलतानाच्या बाजूने लढला आणि लढाईचे पारडे फिरवण्यात त्याच्या घोडदळाचा मोठा हात होता. १४०२ मध्ये अंकाराजवळ तैमूरने बायेझिदचा पराभव केला, तेव्हाही स्टेफान बायेझिदच्याच फौजेत होता. ज्याच्या बापाचा ऑटोमनांनी शिरच्छेद केला, त्याने ही निष्ठा दाखवली. मध्ययुगातल्या युद्धात धर्म होताच, पण घराणे, खंडणी, सोयरीक आणि दिलेला शब्द यांचे वजन बहुतेक वेळा जास्त असे.

मग 'क्रूसविरुद्ध चंद्रकोर' ही कथा आली कुठून? पहिला धागा चर्चचा. लाझारला लवकरच संत मानले गेले. येफिमिया नावाच्या जोगिणीने १४०२ मध्ये त्याच्या अवशेषांवर घालण्यासाठी लाल रेशमी वस्त्रावर सोन्याच्या तारेने त्याची स्तुती भरली. ते वस्त्र आजही बेलग्रेडमध्ये आहे. तिने तलवारींचा खणखणाट गायलेला नाही. संकटात सापडलेल्या आपल्या मुलांच्या पाठीशी उभा राहा, अशी विनवणी केली आहे. पुढे १५५७ मध्ये सर्ब ऑर्थोडॉक्स चर्चचे कोसोवोतल्या पेच या गावचे पीठ पुन्हा सुरू झाले, तेही एका ऑटोमन वजिराच्या पाठिंब्याने. सोकोल्लू मेहमेद पाशा हा जन्माने सर्ब ख्रिस्ती. नवे धर्मगुरू मकारिये हे त्याच्या नात्यातले. लाझारची आठवण जपणारी संस्था सुलतानाच्या दरबारातूनच उभी राहिली.

दुसरा धागा गाण्यांचा. एकतारी गुसलेवर गायली जाणारी ही वीरगीते आपल्या पोवाड्यांसारखीच गावोगाव फिरली. त्यांत जेरुसलेमहून बहिरी ससाणा येतो आणि लाझारला विचारतो, पृथ्वीवरचे राज्य हवे की स्वर्गातले? लाझार स्वर्गातले निवडतो. सर्ब योद्धा मिलोश ओबिलिच सुलतानाला मारतो. सर्ब सरदार वुक ब्रांकोविच दगा देतो. इतिहासातला ब्रांकोविच मात्र लढाईनंतर काही वर्षे ऑटोमनांना नमला नव्हता आणि त्यांच्याच कैदेत मेला. पराभवाला एक फितूर लागतो, म्हणून गाण्याने त्याला फितूर केले. त्याच्यावर झालेला हा अन्याय आजवर कुणी पुसलेला नाही.

१८१४ पासून सर्ब भाषापंडित वुक काराजिच यांनी ही गीते छापायला सुरुवात केली आणि गावातले गाणे राष्ट्राचे गाणे झाले. सर्बियाला तेव्हा ऑटोमनांपासून सुटायचे होते. १८८९ मध्ये पाचशेवे वर्ष राजेशाही थाटात साजरे झाले, तेव्हा ते रणांगण अजून ऑटोमनांच्याच ताब्यात होते. १९१२ च्या पहिल्या बाल्कन युद्धात सर्बियाने कोसोवो घेतले आणि सैनिकांना पदके मिळाली ती 'कोसोवोचा सूड घेणारे' म्हणून. सूड कोणावर? त्या भूमीवर तेव्हा बहुसंख्येने अल्बेनियन राहत होते, आणि त्यांच्या गावांची राखरांगोळी झाल्याची नोंद कार्नेगी संस्थेच्या आयोगाने १९१४ मध्ये केली. गाण्यातल्या तुर्काच्या जागी शेजारचा शेतकरी उभा केला गेला, तो इथे.

हेच अल्बेनियन बहुतेक मुस्लिम आहेत, आणि त्यांचा राष्ट्रवीर कोण? स्कंदरबेग. पंधराव्या शतकात सुलतानाची चाकरी सोडून पुन्हा ख्रिस्ती झालेला आणि पंचवीस वर्षे ऑटोमनांशी लढलेला सरदार. प्रिश्तिनात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. जवळच्याच रस्त्याला मदर तेरेसांचे नाव आहे, कारण त्याही अल्बेनियन. हा झगडा इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माचा आहे असे मानणाऱ्याने त्या चौकात एकदा उभे राहावे.

ऐंशीच्या दशकात नेमके काय बदलले? १९७४ च्या युगोस्लाव घटनेने कोसोवोला व्यापक स्वायत्तता दिली होती. १९८० मध्ये युगोस्लाव्हियाचे सर्वोच्च नेते टिटो गेले. परदेशी कर्ज फुगले, कारखाने बंद पडले, आणि १९८९ मध्ये महागाईचा दर हजार टक्क्यांच्या वर गेला. कम्युनिस्ट पक्षाकडे लोकांना सांगण्यासारखे काही उरले नाही. एप्रिल १९८७ मध्ये मिलोशेविच कोसोवोत गेले आणि तिथल्या सर्बांना म्हणाले, तुम्हाला मारायची कुणाची हिंमत होता कामा नये. त्या एका वाक्याने ते नेते झाले. १९८८ पासून लाझारच्या अस्थी मठामठांतून, गावोगाव मिरवल्या गेल्या. मार्च १९८९ मध्ये कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली गेली आणि जूनमध्ये गाझीमेस्तानची सभा झाली. यातली प्रत्येक पायरी कोणीतरी विचार करून चढलेली आहे.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांचा जनरल रात्को म्लादिच बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात शिरला, तेव्हा कॅमेऱ्यासमोर म्हणाला की तुर्कांवर सूड उगवण्याची वेळ आली आहे. समोर तुर्क नव्हतेच. त्याचीच भाषा बोलणारे बोस्नियन मुस्लिम होते. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. 'हे प्राचीन वैर आहे' म्हणत हात झटकणाऱ्यांनीही या मृत्यूंचा भार घ्यायला हवा. तो गाव संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली होता.

१९९९ मध्ये सर्ब फौजांनी सुमारे साडेआठ लाख अल्बेनियन कोसोवोबाहेर हाकलले. नाटोने सर्बियावर ७८ दिवस बॉम्बहल्ले केले. मग पारडे उलटले. सर्ब आणि रोमा कुटुंबे पळाली, आणि मार्च २००४ च्या दंगलीत तीसहून अधिक ऑर्थोडॉक्स चर्च आणि मठांची नासधूस झाली. चौदाव्या शतकातला देचानी मठ आजही नाटोच्या सैनिकांच्या पहाऱ्यात आहे. २८ जून २००१ ला, म्हणजे पुन्हा विदोवदानलाच, मिलोशेविच यांना हेगच्या न्यायालयाच्या स्वाधीन करण्यात आले.

ही कथा तिच्या मुलखातही थांबली नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने आपल्या बंदुकांवर जुन्या लढायांची आणि योद्ध्यांची नावे रंगवली होती. त्यांत मिलोश ओबिलिचचे नाव होते. मारेकरी ऑस्ट्रेलियन होता. कोसोवोशी त्याचे घराण्याचे, भाषेचे, मातीचे कोणतेच नाते नव्हते.

१७ फेब्रुवारी २००८ ला कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाने ते मानलेले नाही, भारतानेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर कोसोवोतल्या बान्स्का मठात सशस्त्र सर्ब शिरले आणि चकमकीत एक पोलीस आणि तीन हल्लेखोर मेले. पण सर्बिया आणि कोसोवो यांच्या ब्रसेल्समधल्या वाटाघाटींच्या टेबलावर लाझारही नाही आणि मुरादही नाही. तिथे गेल्या काही वर्षांत वाद झाला तो गाड्यांच्या नंबरप्लेटचा, उत्तरेत सर्बियन दिनार चालेल की नाही याचा, आणि सर्ब नगरपालिकांच्या संघाला किती अधिकार द्यायचे याचा. त्या संघाचे २०१३ मध्ये कबूल झाले होते आणि तो अजून स्थापन झालेला नाही.