नम्र राजा (ख्रिस्ती धर्मसंकल्पना)

येशू ख्रिस्ताला राजा मानताना त्याच्या राजेपणाचे मूळ नम्रतेत, सेवेत आणि स्वेच्छेने पत्करलेल्या दुःखात पाहणारी ख्रिस्ती धर्मातील एक मध्यवर्ती संकल्पना. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही प्रवाहांना ती मान्य असून भर कशावर द्यायचा एवढ्यापुरताच त्यांच्यात फरक पडतो. मराठी प्रवचनांत ती पुष्कळदा ‘राजा असूनही नम्र’ अशा शब्दांत मांडली जाते. शुभवर्तमाने (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चार चरित्रे) सलग वाचली, तर हा ‘असूनही’ अपुरा वाटू लागतो, कारण त्यांतील कथनाचा ओघ ‘नम्र म्हणूनच राजा’ या बाजूला अधिक झुकलेला आहे. पहिल्या मांडणीत नम्रता हा राजाच्या अंगचा एक जास्तीचा गुण ठरतो; दुसरीत ती राज्य करण्याची रीतच ठरते.

‘ख्रिस्त’ या शब्दातच राजपदाचा दावा आहे. हिब्रूतील ‘मशीहा’ आणि ग्रीकमधील ‘ख्रिस्तोस’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा होतो आणि प्राचीन इस्राएलात राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला गादीवर बसवीत असत. बाबिलोनच्या आक्रमणात इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी दाविद राजाच्या वंशाची सत्ता संपली आणि इ.स.पू. ६३ मध्ये यरुशलेम रोमनांच्या हाती गेले. तेव्हा दाविदाच्या कुळातून पुन्हा एक अभिषिक्त येईल आणि परक्यांचे जोखड उतरवील, ही आशा अनेकांच्या मनात घर करून होती. येशूच्या चरित्रात राजा हा शब्द ठळकपणे दोन टोकांना येतो : जन्माच्या वेळी पूर्वेकडचे ज्ञानी लोक ‘यहूद्यांचा राजा’ कोठे जन्मला, अशी विचारपूस करीत येतात आणि मरणाच्या वेळी तीच पदवी क्रुसावरच्या पाटीवर लिहिली जाते. मधल्या काळात तो या पदवीपासून दूरच राहतो. पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक आपल्याला बळेच राजा करू पाहत आहेत, हे ओळखून तो एकटाच डोंगरावर निघून गेला, असे योहानाने नोंदविले आहे.

या पदवीचा त्याने उघडपणे केलेला स्वीकार म्हणजे यरुशलेममधील प्रवेश. जैतुनांच्या डोंगरापाशी असलेल्या बेथफगे गावाजवळून शिष्यांनी एक शिंगरू आणले, त्याच्यावर आपली वस्त्रे घातली आणि येशू त्यावर बसून नगरात आला. लोकांनी वाटेवर वस्त्रे पसरली, झाडांच्या डहाळ्या टाकल्या आणि ‘होसान्ना’ असा घोष केला. ११८ व्या स्तोत्रातून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आता तारण कर’ असा आहे. म्हणजे जयघोष वाटणारा हा शब्द मुळात एक विनवणी आहे. डहाळ्या खजुरीच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो आणि लूकच्या वृत्तान्तात तर डहाळ्यांचा उल्लेखच नाही. चारही शुभवर्तमानांत सारखे आहे ते गाढवाचे शिंगरू. मत्तय आणि योहान तेथे जखऱ्या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातील वचनाची आठवण देतात : तुझा राजा तुझ्याकडे येत आहे, तो लीन आहे आणि गाढवीच्या शिंगरावर बसला आहे. मत्तयाने गाढवी आणि शिंगरू अशा दोन जनावरांचा उल्लेख केला आहे. हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोन चरणांत दोनदा सांगण्याची रीत असल्याने मूळ वचनात जनावर एकच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मराठी वाचक येथे हमखास अडखळतो. मराठीत गाढव ही शिवी आहे आणि एखाद्याला गाढवावर बसवून गावातून फिरविणे याला ‘धिंड काढणे’ म्हणतात. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी असलेल्या ठाण्याच्या परिसराला तर गाढवाचा याहून जुना संदर्भ आहे : दानपत्राचा भंग करणाऱ्याला गाढवाच्या चित्रासह शाप देणारे ‘गधेगाळ’ नावाचे शिलालेख याच राजवटीच्या काळापासून कोकणात आढळतात. अशा भाषेत गाढवावरून येणारा राजा सांगायचा, तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी अपमान उभा राहतो. प्राचीन इस्राएलात गाढवाला ही अप्रतिष्ठा नव्हती. बायबलमधील शास्त्यांच्या पुस्तकात याईर या शास्त्याचे तीस मुलगे तीस शिंगरांवर बसत, असे त्यांच्या ऐश्वर्याचे वर्णन येते आणि शलमोनाचा अभिषेक झाला, त्या दिवशी तो दाविदाच्या खेचरावर बसून गेला होता. भेद होता तो घोड्याशी. घोडा आणि रथ ही युद्धाची साधने होती आणि जखऱ्याच्या पुढच्याच वचनात यरुशलेममधून घोडे, एफ्राइमातून रथ आणि लढाईचे धनुष्य नाहीसे होईल, असे म्हटले आहे. त्यामुळे गाढवावर बसणे म्हणजे हलके वाहन पत्करणे एवढाच अर्थ घेतला, तर वचनाचा निम्मा आशय हातचा जातो. हा राजा शस्त्रावाचून येतो, हा उरलेला निम्मा आशय अधिक महत्त्वाचा आहे. तरीही धिंडीची जी छटा मराठी कानाला जाणवते, ती पूर्णपणे चुकीची म्हणता येत नाही, कारण पाच दिवसांनी त्याच नगरात त्याची खरोखरच धिंड निघाली.

‘लीन’ या शब्दाबद्दलही थोडे सांगावयास हवे. जखऱ्याच्या हिब्रू वचनातील ‘अनी’ हा शब्द दीन, गांजलेला, आधार नसलेला अशा माणसासाठी वापरला जातो. ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी ‘प्राउस’ म्हणजे सौम्य हा शब्द आला आणि मत्तयाने तोच घेतला. म्हणजे परिस्थितीने दीन असणे आणि स्वभावाने सौम्य असणे हे दोन अर्थ या एका विशेषणात एकवटले आहेत. मराठीतील ‘नम्र’ हा शब्द केवळ स्वभाव सांगतो, तर ‘दीन’ केवळ परिस्थिती. ‘लीन’ दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो आणि भक्तिपरंपरेमुळे त्याला शरणागतीचाही गंध आहे. त्यामुळे भाषांतरकारांनी केलेली ही निवड चांगली म्हणावी लागते.

राजेपणाचा प्रश्न थेट विचारला जातो तो रोमन अधिकारी पिलात याच्यापुढे. ‘माझे राज्य या जगाचे नाही’ असे उत्तर देताना येशू असे कारण देतो की, ते तसे असते, तर माझे सेवक लढले असते. यावरून ते राज्य केवळ परलोकातले, असा अर्थ अनेकांनी काढला आहे. पण उत्तरातील कारण स्थळाचे नसून साधनांचे आहे. यानंतर शिपाई त्याच्यावर राज्याभिषेकाचे सोंग उरकतात : अंगावर जांभळे वस्त्र, डोक्यावर काट्यांचा मुकुट, हातात बोरूची काठी आणि पुढे गुडघे टेकून मुजरा. क्रुसावरची पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. ‘मी यहूद्यांचा राजा आहे असे तो म्हणाला’ असा बदल करण्याची मुख्य याजकांची मागणी पिलाताने धुडकावून लावली. टवाळीसाठी केलेले आणि लिहिलेले हे सारे ख्रिस्ती वाचक अक्षरशः खरे मानतो; शिपायांना ठाऊक नसताना अभिषेक झाला, मुकुट चढला आणि सिंहासन म्हणून क्रूस मिळाला, अशी ही उलटी वाचनरीत आहे आणि ती ध्यानात घेतल्यावाचून ख्रिस्ती कला किंवा उपासना नीट कळत नाही.

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील स्तोत्रवजा उताऱ्यात या संकल्पनेला सैद्धान्तिक रूप मिळते. देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, क्रुसावरच्या मरणापर्यंत आज्ञापालन केले आणि यामुळे देवाने त्याला अत्युच्च केले, असा त्याचा क्रम आहे. ‘असूनही’ आणि ‘यामुळे’ ही दोन्ही वळणे येथे एकाच उताऱ्यात आढळतात. रिक्त होण्यासाठीच्या मूळ ग्रीक क्रियापदावरून ‘केनोसिस’ ही संज्ञा रूढ झाली आणि रिक्त केले म्हणजे नेमके काय सोडले, या प्रश्नावर विशेषतः एकोणिसाव्या शतकातील जर्मन धर्मपंडितांनी पुष्कळ वाद घातला. बायबलच्या अखेरच्या म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकात येशू ‘राजांचा राजा’ म्हणून पांढऱ्या घोड्यावर बसून येतो, ही या संकल्पनेपुढची मोठी अडचण मानली जाते. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र यहूदा वंशाचा सिंह येत असल्याची घोषणा होते आणि प्रत्यक्षात समोर दिसते ते वधलेले कोकरू.

इतिहासात या राजाला कोणता पोशाख चढवायचा, हे बरेचसे त्या त्या काळच्या सत्तेने ठरविले. चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि त्यानंतर येशू सम्राटासारखा रंगविला जाऊ लागला. इटलीतील राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील चित्रांत तो जांभळ्या राजवस्त्रांत आहे. १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने खऱ्या बैल-गाढवासह नाताळची गव्हाणी उभारली आणि पारडे दुसरीकडे झुकविले. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ च्या परिपत्रकाने ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तो पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्र आणि सत्ता यांचे स्तोम माजलेल्या युरोपात. तो आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो. त्या दिवसाची शुभवर्तमानातील वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात : भुकेल्याला अन्न देणे म्हणजे राजालाच अन्न देणे हा मत्तयातील न्यायनिवाडा, पिलातापुढील संवाद आणि शेजारच्या क्रुसावरील गुन्हेगाराने ‘तुझ्या राज्यात’ माझी आठवण ठेव म्हणून केलेली विनंती. वैभवी नाव असलेल्या या सणाच्या या वाचनांचा भर वैभवावर नाही, ही निवड मुद्दाम केलेली दिसते.

ठाण्याचा या संकल्पनेशी आलेला संबंध जुना आणि दुहेरी आहे. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती येथे मारले गेले. हे फ्रान्सिसच्या संघाचे साधू होते आणि त्या संघाचे अधिकृत लॅटिन नावच ‘धाकटे बंधू’ अशा अर्थाचे आहे. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, तेव्हा क्रूस आणि तोफा एकाच जहाजातून उतरल्या. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतली. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज कारागृह आहे. पोर्तुगीज राजाच्या झेंड्याखाली शस्त्रहीन राजाची प्रार्थना होत होती, ही विसंगती स्थानिक ख्रिस्ती इतिहास सांगताना झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मराठीत हा आशय आला तो मात्र ओवीच्या वाटेने. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले (त्यांची कर्मभूमी असलेली साष्टी गोव्यातली, ठाणे ज्या बेटावर आहे, ती साष्टी निराळी). १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगांतून येशूला गुरू आणि माउली या नात्यांनी हाक मारली. ज्या भाषेत विठोबाला ‘पंढरीचा राणा’ म्हणतात आणि तो भक्तासाठी विटेवर तिष्ठत उभा राहतो, तिच्यात सलगीचा राजा परका वाटत नाही. हे साम्य उपयोगी असले, तरी ते ताणू नये. विटेवरच्या राजाच्या कथेत पिलात नाही.

आचारात ही संकल्पना सर्वांत स्पष्ट दिसते ती ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात. मासुंदा तलावाकाठच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चसारख्या कॅथलिक देवळांत झावळ्यांच्या रविवारी लाल वस्त्रे घातलेले धर्मगुरू झावळ्यांवर आशीर्वादाचे पाणी शिंपडतात आणि सर्वजण झावळ्या उंच धरून ‘होसान्ना’ म्हणत देवळात शिरतात. थोड्याच वेळाने दुःखसहनाचा वृत्तान्त पात्रे वाटून वाचला जातो. त्यात जमावाची वाक्ये उपस्थितांच्या वाट्याला येतात, तेव्हा हातात अजून झावळी असलेल्या त्याच लोकांना ‘त्याला क्रुसावर खिळा’ असे मोठ्याने म्हणावे लागते. गुरुवारी बारा जणांना वेदीपुढे खुर्च्यांवर बसवितात. धर्मगुरू वरचे वस्त्र उतरवून कमरेला पंचा बांधतात आणि घंगाळ सरकवीत, गुडघ्यांवर बसत एकेकाचा पाय धुऊन पुसतात. २०१६ पासून या बारांमध्ये स्त्रियांनाही अधिकृतपणे स्थान मिळाले आहे. पाद्यपूजेत शिष्य गुरूचे पाय धुतो. येथे क्रम उलटा आहे : अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूनेच शिष्यांचे पाय धुतले आणि तेव्हा आपले पाय धुऊ देण्यास शिष्य पेत्राने जो नकार दिला होता, तो मराठी घरात वाढलेल्या माणसाला लगेच कळतो.

नवी मुंबईत वाशी-नेरूळकडच्या केरळी ख्रिस्ती घरांत हाच गुरुवार स्वयंपाकघरात पाळला जातो. १९८८ मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याण महाधर्मप्रांतातील सीरो-मलबार (केरळमधील पौर्वात्य कॅथलिक पंथाची) कुटुंबे त्या रात्री आंबविल्यावाचून तांदूळ-उडदाचा अप्पम वाफवितात आणि रविवारी देवळातून आणलेल्या झावळीच्या दोन पट्ट्या त्यावर क्रुसासारख्या ठेवतात. घरातील कर्ता प्रार्थना करून तो कापतो आणि वयाच्या क्रमाने सर्वांना वाटतो. या अप्पमला ‘इन्री अप्पम’ म्हणतात. पिलाताच्या पाटीवरील ‘नासरेथचा येशू, यहूद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे त्या नावात आहेत. उरलेल्या झावळ्या घरात तसबिरीमागे खोचून ठेवल्या जातात. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या आरंभी राख लावण्याच्या दिवसापूर्वी वाळून पिवळ्या पडलेल्या झावळ्या देवळात परत जमा होतात आणि त्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळावर लावली जाते.