जॉइंट डिग्री की ड्युअल डिग्री? आधी विचारा, प्रमाणपत्रं किती

'ड्युअल डिग्री' हा एकच शब्द आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पवईच्या आयआयटीत पाच वर्षांत बी.टेक. आणि एम.टेक. मिळून पूर्ण होतात, तीही ड्युअल डिग्री. पण तिथे दोन्ही पदव्या एकाच संस्थेच्या असतात, परदेशी विद्यापीठाचा संबंध नसतो. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एकाच वेळी दोन अभ्यासक्रम शिकायची मुभा दिली, म्हणजे अभियांत्रिकीसोबत दूरशिक्षणाने अर्थशास्त्र वगैरे. लोक त्यालाही तेच नाव देतात. तिसरी गोष्ट मे २०२२ मधल्या यूजीसीच्या नियमावलीतली, भारतीय आणि परदेशी संस्थेने मिळून चालवायची. प्रवेशाच्या दिवसांत पालक जिच्याबद्दल विचारतात ती ही. तिची बहीण जॉइंट डिग्री, आणि या दोघींत गल्लत झाली तर मुलाची काही वर्षं पणाला लागतात.

जॉइंट डिग्रीत शेवटी एकच प्रमाणपत्र हातात पडतं, दोन्ही संस्थांचं मिळून. प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे अभ्यासाचे एकक, मिळवावे लागतात. ड्युअलमध्ये प्रमाणपत्रं दोन. ती एकाच वेळी मिळतात, पण प्रत्येक संस्था आपलं स्वतंत्र देते. विषय आणि पातळी मात्र दोन्हीकडे तीच हवी, भारतीय संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट हवेत, आणि प्रवेशाच्या अटीही दोन्हीकडच्या वेगवेगळ्या पूर्ण कराव्या लागतात. म्हणजे इथला प्रवेश मिळाला की तिथला आपोआप मिळाला, असं नाही.

दोन प्रमाणपत्रं म्हणजे दुप्पट मोल, असं सहज वाटतं. मला तसं वाटत नाही. एका प्रमाणपत्रावर दोन विद्यापीठांनी नाव घालायचं तर आधी त्यांना एका टेबलाशी बसावं लागतं: कोणता विषय कोण शिकवणार, नापास कुणाला म्हणायचं, तिथला ग्रेड इथे कसा मोजायचा, प्रकल्पाला मार्गदर्शक कोण. हे ठरवायला दोन्ही बाजूंना चिवट विभागप्रमुख आणि अधिष्ठाते लागतात. कुलगुरूंनी सामंजस्य करारावर सही केली, फोटो निघाला, म्हणजे अभ्यासक्रम तयार झाला असं होत नाही. खरं नेतृत्व नंतरच्या त्या कंटाळवाण्या बैठकांत दिसतं, आणि ते करणाऱ्या प्राध्यापकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पवईतच २००८ पासून चालणारी आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाची संशोधन अकादमी हे याचं आपल्या जवळचं उदाहरण. तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक असतात आणि पदवीवर दोन्ही संस्थांची नावं.

ड्युअलची जुनी परंपरा पाहायची तर युरोपात जावं लागतं. १९८९ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्रालच्या पुढाकाराने अभियांत्रिकी विद्यापीठांचं 'टाइम' नावाचं जाळं उभं राहिलं. त्यातल्या दुहेरी पदवीसाठी विद्यार्थी साधारणपणे जास्तीचा काळ शिकतो, कारण दोन्हीकडच्या अटी पुऱ्या करायच्या असतात. म्हणून 'तेवढ्याच वर्षांत, तेवढ्याच अभ्यासात दोन पदव्या' असं कुणी सांगितलं, तर थांबून हिशेब मागावा. आपल्या नियमावलीतही दोन्हीकडचे क्रेडिट एकाच मजकुराचे नसावेत, अशी अट आहे.

युरोपच्याच इरास्मस मुंडस पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कुठे एक संयुक्त पदवी मिळते, तर कुठे अनेक. काही देशांच्या कायद्यात संयुक्त प्रमाणपत्राला जागाच नव्हती, हे त्याचं एक कारण. तेव्हा प्रमाणपत्रांच्या संख्येवरून अभ्यासाचा कस ठरवू नये.

यूजीसीच्या त्याच नियमावलीतला आणखी एक प्रकार, ट्विनिंग, यापेक्षा सोपा. काही भाग परदेशात शिकायचा, तिथले क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंतच, आणि पदवी भारतीय संस्थेची. एका सेमिस्टरची देवाणघेवाण तर त्याहूनही छोटी गोष्ट. दोन्ही चांगल्याच, पण यातून परदेशी पदवी मिळत नाही.

हे सगळे अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने चालवायला या नियमावलीत परवानगी नाही, हेही ध्यानात ठेवा.

प्रवेश कार्यालयात गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवून तीन गोष्टी लेखी मागा. शेवटी प्रमाणपत्रं किती आणि त्यांवर नाव कुणाचं. परदेशातल्या सेमिस्टरची फी, व्हिसा आणि राहण्याचा खर्च कुणाकडे. आणि मधेच पैशांची अडचण आली किंवा व्हिसा नाकारला गेला, तर तोवर मिळवलेले क्रेडिट इथल्या पदवीत कसे धरले जातील. बाहेर पडण्याची अशी वाट ठेवणं नियमावलीने संस्थांना बंधनकारक केलेलं आहे, त्यामुळे हा तिसरा प्रश्न विचारताना मुळीच संकोच करू नका.