विंडोज डेस्कटॉपवरून लिनक्स फोनचं काम: तुमच्या मशीनवर काय बसवलं आहे, कसं वापरायचं

तुमच्या विंडोजला आम्ही हात लावलेला नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) एक पूर्ण लिनक्स मशीन बसवून दिलं आहे आणि त्यात पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्सला लागणारं पीएमबूटस्ट्रॅप हे साधन तयार आहे. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर उभा असलेला पोस्टमार्केटओएस प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. कंपनीनं अपडेट बंद केले म्हणून धडधाकट फोन टाकून द्यावा लागू नये, हा त्याचा हेतू. आम्हाला तो मनापासून पटतो, म्हणूनच हे काम आम्ही घेतो.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, डब्ल्यूएसएल, असताना हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. रोजच्या कोडिंगला डब्ल्यूएसएल छानच. पण पीएमबूटस्ट्रॅप स्वतःचं वेगळं अल्पाइन उभं करतं, डिस्क इमेज माउंट करतं, फोनशी थेट यूएसबीवरून बोलतं. त्याला स्वतंत्र लिनक्स मशीन दिलं की निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

मात्र डब्ल्यूएसएल आणि हे मशीन दोन्ही एकाच डेस्कटॉपवर ठेवायचं असेल तर व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावं लागतंय. बिल्ड (कोडपासून फोनची इमेज तयार करणं) होईल, पण रेंगाळत. डब्ल्यूएसएल २ मुळे किंवा विंडोजच्या मेमरी इंटिग्रिटीमुळे असं होतं. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. ती बंद करण्याआधी आमच्याशी बोला.

सगळ्यात महत्त्वाचं: कोड लिनक्सच्या डिस्कवरच ठेवा. सामायिक फोल्डर फक्त तयार फाइल इकडून तिकडे द्यायला आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये 'एक्सटी_मार्क डॉट एच' नावाच्या दोन फाइल आहेत. एकीत 'मार्क' कॅपिटल अक्षरांत, दुसरीत स्मॉल. लिनक्सला त्या वेगळ्या, विंडोजच्या फोल्डरला एकच. सोर्स तिथे उघडला की एक फाइल दुसरीवर बसते, चूक झाल्याची सूचना दिसत नाही, आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी मोडतं. मग माणूस दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

एडिटर विंडोजचाच वापरा. व्हीएस कोड या एडिटरमधून एसएसएचनं (दुसऱ्या मशीनला सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत) १२७.०.०.१ वर, पोर्ट २२२२ ला जोडा. तो लिनक्सच्या २२ वर वळवून ठेवला आहे. फाइल लिनक्समध्येच राहतात, फक्त टायपिंग इकडे होतं.

आता फोन. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुमच्या फोनसाठी यूएसबीचे दोन फिल्टर (जोडलेला फोन आपोआप लिनक्सकडे देणारे नियम) दिसतील. एक चुकून जास्तीचा पडलाय असं समजून काढू नका. चालू फोन स्वतःची एक ओळख सांगतो, फास्टबूटमध्ये (फोनवर नवी प्रणाली लिहिण्याची अवस्था) गेला की बहुधा दुसरी. फिल्टर एकच असेल तर फोन रीस्टार्ट होताच विंडोज त्याला स्वतःकडे ओढून घेतं आणि लिनक्समधली त्याच नावाची फास्टबूट कमांड 'वेटिंग फॉर डिव्हाइस' म्हणत थांबून राहते. नवा फोन आणलात तर त्याचेही दोन फिल्टर, दोन्ही अवस्थांत फोन जोडून, करून घ्या. केबल शक्यतो डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा, हबमधून नको.

फ्लॅश करण्याआधी, म्हणजे फोनवर इमेज लिहिण्याआधी, विंडोजची स्लीप बंद करा. डेस्कटॉप झोपला की व्हर्च्युअल मशीन थांबतं, आणि फोनवर अर्धवट लिहिलेली इमेज राहते. तसं झालंच तर घाबरू नका: फोन फास्टबूटमध्ये जात असेल तर तीच इमेज पुन्हा फ्लॅश करा.