गणेशवेल

(सं. कामलता, हिं. इश्कपेचा, लॅ. आयपोमिया क्वामोक्लिट, कुल – कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी). रताळे व गारवेल यांच्या प्रजातीतील ही नाजूक, वर्षायू वेल महाराष्ट्रात कुंपणावर, गॅलरीच्या गजांवर आणि कुंडीत शोभेसाठी लावतात. पाने शेपूच्या पाल्यासारखी, दोन्ही बाजूंना दोऱ्याइतक्या बारीक खंडांत विभागलेली असतात. फुले लाल, क्वचित पांढरी वा गुलाबी. पुष्पमुकुटाची (जुळलेल्या पाकळ्यांची) नळी अरुंद व लांब, वरचा भाग पाच टोकांच्या चांदणीसारखा पसरट. केसरदले (पुंकेसर) व किंजल्क (स्त्रीकेसराचे टोक) नळीबाहेर डोकावतात. पहाटे उमललेले फूल दुपारपर्यंत मिटते.

मूलस्थानाबद्दल जुन्या लेखनात एकवाक्यता नाही. भारतात ही वेल इतकी रुळली आहे की काहींनी ती येथलीच मानली. *हॉर्टस मलबारिकस* या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या १६९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११ व्या खंडात तिची नोंद आहे. म्हणजे १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात ती मलबारात परिचित होती. १८ व्या शतकाच्या अखेरीस संस्कृतचे इंग्रज अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी तिलाच ‘कामलता’ म्हटले. ‘क्वामोक्लिट’ हा कामलतेचा अपभ्रंश असावा असे आपल्याला वाटले असते, पण तो शब्द अमेरिकेतील असल्याचे मानण्यास जागा आहे, अशी पुस्तीही त्यांनीच जोडली. इंद्रलोकातील इच्छापूर्ती करणाऱ्या वेलीलाही हे नाव लागू शकते, हेही त्यांनी नोंदवले. तेव्हा केवळ संस्कृत नावावरून वेलीचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही. तिच्या निकटच्या जाती अमेरिकेतल्या आहेत. शिवाय भडक लाल रंग, लांब नळी व गंधाचा अभाव ही हमिंगबर्डकडून परागण होणाऱ्या फुलांची लक्षणे आहेत, आणि हे पक्षी अमेरिकेबाहेर नाहीत. त्यामुळे उष्ण कटिबंधीय अमेरिका हेच तिचे मूलस्थान, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात ती १६ व्या शतकापूर्वी असण्याचा संभव कमी. पोर्तुगीजांच्या दळणवळणातून आली असावी.

लागवड सोपी आहे. बियांचे कवच कठीण असल्याने त्या रात्रभर पाण्यात भिजवून पावसाळ्याच्या तोंडावर पेरतात. साधारण आठवड्याभरात रोप वर येते. त्याच्या दोन्ही दलिका (बियांतून प्रथम निघणारी पाने) खोलवर दुभंगलेल्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या असतात; पहिले खरे पान येण्याआधीच त्यावरून रोप ओळखता येते. मुळे दुखावल्यास वाढ खुंटते, म्हणून बी कायमच्या जागीच टोचणे चांगले. भरपूर ऊन आणि सुतळी किंवा बांबूच्या कामट्यांचा आधार लागतो. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पालाच माजतो, फुले कमी येतात. बहर गणेशोत्सवाच्या सुमारास येतो व पाऊस संपल्यावरही काही काळ टिकतो. त्या दिवसांत फुलांवर फुलपाखरे व शिंजीर येतात.

बोंडे सुकून तडकली की काळ्या बिया खाली पडतात आणि पुढच्या पावसात आपोआप उगवतात. उष्ण प्रदेशांत ही वेल बागेबाहेर पसरून तणासारखी वाढते. तेथे बोंडे तपकिरी होताच खुडावीत. बिया खाण्यासाठी वापरू नयेत.

आयपोमिया मल्टिफिडा हा संकरज वेल अनेकदा गणेशवेल समजून लावला जातो. त्याचे पान रुंद, हाताच्या बोटांप्रमाणे चिरलेले असते, व फूल अधिक पसरट आणि कमी टोकदार असते.