चाकूविषयक कायद्यांच्या सुधारणेची चळवळ, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चाकू बाळगणे, विकणे व वाहून नेणे यांवर राज्यांनी आणि संघराज्याने घातलेली बंधने रद्द किंवा शिथिल व्हावीत, यासाठी नागरिक व त्यांच्या संघटना विधिमंडळांकडे करीत असलेला संघटित पाठपुरावा. या चळवळीचा रोख प्रामुख्याने बटणाच्या चाकूवरील, म्हणजे स्विचब्लेडवरील बंदीकडे आहे. रोजच्या वापरातील घडीच्या चाकूचा प्रश्न तिच्यात कायद्यातील व्याख्येच्या वाटेने शिरला आणि सामान्य लोकांचा पाठिंबा बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नामुळेच मिळाला.

बंधनांची परंपरा जुनी आहे. १८२७ मध्ये नॅचेझजवळ मिसिसिपी नदीतील वाळूच्या पट्ट्यावर झालेल्या चकमकीनंतर जेम्स बोवी याच्या नावाचा मोठा चाकू प्रसिद्धीस आला. पुढे १८३७–३८ च्या सुमारास अलाबामा, जॉर्जिया व टेनेसी या राज्यांनी अशा चाकूंच्या विक्रीस मनाई करणारे किंवा त्यांवर जबर कर बसवणारे कायदे केले. हा चाकू मुळात कोणी घडवला याविषयी एकमत नाही. आर्कान्सामधील परंपरा त्याचे श्रेय जेम्स ब्लॅक या लोहाराला देते, तर जेम्स बोवीचा थोरला भाऊ रेझिन याने पहिला चाकू आपणच बनवल्याचे १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात म्हटले आहे. त्याच्या वर्णनानुसार तो सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि बाक नसलेला होता. रेझिनचे निवेदन घटनांना जवळचे असल्याने ते अधिक ग्राह्य वाटते. मात्र नंतर बोवी चाकू म्हणून बाजारात आलेल्या, टोकाकडे बाक दिलेल्या पात्यांशी हे वर्णन जुळत नाही. त्यामुळे ज्या वस्तूवर कायद्यांनी नाव घेऊन बंदी घातली, ती वस्तू नेमकी कोणती, ही अडचण आरंभापासूनच होती.

विसाव्या शतकातील बंदीची लाट दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. शहरांतील तरुणांच्या टोळ्यांविषयी वृत्तपत्रे, मासिके व चित्रपट यांतून भीतीचे वातावरण निर्माण झाले आणि न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये बटणाच्या चाकूवर बंदी घातली. १२ ऑगस्ट १९५८ रोजी संघीय स्विचब्लेड कायदा मंजूर झाला. त्याने अशा चाकूंचा आंतरराज्य व्यापार व आयात रोखली. एखाद्या राज्यात ते बाळगावेत की नाही, हा प्रश्न त्या राज्याकडेच राहिला. ही बंदी गुन्ह्यांच्या प्रत्यक्ष प्रमाणावर आधारलेली होती की लोकमताच्या दडपणावर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उपलब्ध साधने पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. सैन्यदलांना आणि तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू जवळ ठेवणाऱ्या, एकच हात असलेल्या व्यक्तींना कायद्याने सूट दिली होती. एका हाताने उघडणाऱ्या चाकूची व्यावहारिक उपयुक्तता कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती, हे यावरून स्पष्ट होते.

पुढील बहुतेक वाद व्याख्येतून निघाले. संघीय कायद्याने दोन प्रकारचे चाकू एकाच व्याख्येत घेतले : मुठीतील बटण किंवा तत्सम योजना दाबताच पाते आपोआप उघडते असा, आणि जडत्वाने, गुरुत्वाकर्षणाने किंवा दोहोंनी उघडतो असा. दुसऱ्या प्रकाराचे मूळ सामान्यतः जर्मन छत्रीधारी सैनिकांच्या चाकूत शोधले जाते. त्यात खटका दाबून मूठ खाली केली की पाते स्वतःच्या वजनाने बाहेर घसरते व खटका सोडताच अडकून बसते. न्यूयॉर्कने १९५८ मध्ये अशा चाकूंवर बंदी घालताना ‘गुरुत्वाकर्षणाने किंवा केंद्रोत्सारी बलाने’ सुटणारे आणि सुटल्यावर पक्के बसणारे पाते, अशी शब्दयोजना केली. साधा घडीचा चाकू याहून वेगळा असतो. त्याचे पाते बिजागरीच्या खिळ्याभोवती फिरते आणि ते मिटलेले राहावे म्हणून स्प्रिंगचा किंवा बारीक गोळीचा अटकाव असतो. तरीही मनगटाला जोरदार झटका दिला असता हा अटकाव मोडून पाते उघडू शकते. खिळा सैल झाला असेल, चाकू वापरून जुना झाला असेल किंवा झटका देणाऱ्याच्या हातात कसब असेल, तर ते अधिकच सहज घडते. म्हणजे तोच चाकू एका अधिकाऱ्याच्या हाती कायदेशीर आणि दुसऱ्याच्या हाती बेकायदा ठरू शकतो.

चळवळीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते आहेत. काहीजण तो अमेरिकन नाइफ अँड टूल इन्स्टिट्यूट या व्यावसायिक संस्थेच्या १९९८ मधील स्थापनेपासून धरतात, तर काहीजण डग रिटर यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या नाइफ राइट्स या संघटनेपासून. सामान्य चाकूधारकांचा सहभाग हा निकष लावल्यास २००९ हे वर्ष अधिक महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी मे महिन्यात संघीय सीमाशुल्क विभागाने, पाते थोडे ढकलल्यावर स्प्रिंगच्या साहाय्याने पुरते उघडणाऱ्या चाकूंना स्विचब्लेड ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. उत्पादकांबरोबरच चाकू वापरणाऱ्या नागरिकांनीही आपापल्या लोकप्रतिनिधींकडे हरकती नोंदवल्या. सिनेटर जॉन कॉर्निन व मार्क प्रायर या दोन पक्षांच्या सदस्यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मिटण्याकडे कल असणारे व पात्यावर प्रत्यक्ष जोर दिल्याशिवाय न उघडणारे चाकू व्याख्येतून वगळले गेले.

त्यानंतर काम राज्याराज्यांत पसरले. न्यू हॅम्पशायरने २०१० मध्ये बटणाचे चाकू व खंजीर यांवरील बंदी उठवली. तेथील प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य असून त्यांचे मानधन वर्षाला अवघे १०० डॉलर आहे. प्रत्येक विधेयकावर जनसुनावणी होत असल्याने सामान्य नागरिकाला समितीसमोर उभे राहून बोलता येते. विधेयक मांडणाऱ्या जेन कॉफी स्वतः आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम केलेल्या होत्या. त्याच वर्षी ॲरिझोनाने चाकूविषयक नियम करण्याचा शहरांचा अधिकार काढून घेतला. शहरागणिक बदलणाऱ्या नियमांमुळे प्रवासी नकळत गुन्हेगार ठरतो, हा त्यामागील युक्तिवाद होता. टेक्ससने २०१३ मध्ये बटणाच्या चाकूवरील बंदी उठवली. २०१७ मध्ये तेथे बोवी चाकू, खंजीर व तलवारी यांवरील बंदी उठवण्याचे विधेयक विचाराधीन असतानाच ऑस्टिन येथील विद्यापीठात चाकूहल्ल्यात एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. परिणामी साडेपाच इंचांहून लांब पाती शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे इ. ठिकाणी नेण्यास मनाई कायम ठेवून ते संमत झाले. 

न्यूयॉर्कमधील लढा सर्वांत दीर्घ ठरला. तेथील पोलीस १९५८ च्या बंदीचा आधार घेऊन मनगटाच्या झटक्याची चाचणी घेत आणि हार्डवेअरच्या दुकानात उघडपणे विकत घेतलेल्या चाकूपायी कामगार, सुतार, स्वयंपाकी यांना अटक होई. अटक झालेल्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो व्यक्तींचे प्रमाण फार मोठे होते. म्हणूनच शस्त्रहक्कांचे समर्थक आणि गरिबांना वकील पुरवणारी लीगल एड सोसायटी एकाच मागणीवर एकत्र आल्या. या अन्यायाची जाणीव दोन टोकांच्या लोकांना सारखीच झाली, ही या चळवळीच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. मॅनहॅटनचे जिल्हा अभियोक्ता सायरस व्हान्स व शहर पोलीस यांचा विरोध होता. विधिमंडळाने मोठ्या बहुमताने संमत केलेली विधेयके राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी २०१६ व २०१७ मध्ये नाकारली. मार्च २०१९ मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी, भुयारी रेल्वेच्या फलाटावर अटक झालेल्या एका स्वयंपाक्याच्या प्रकरणात, हा कायदा संदिग्धतेमुळे घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर ३० मे २०१९ रोजी कुओमो यांनी बंदी उठवणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. शहरात चार इंच किंवा त्याहून लांब पात्याचा चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यावरील जुने बंधन मात्र तसेच राहिले.

न्यायालयीन मार्गाचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील, शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काविषयीच्या ब्रुएन निर्णयानंतर वाढले. त्याच्या आधारे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये बटणाच्या चाकूवरील बंदी रद्द ठरवली. ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे असाच निर्णय १९८४ मध्येच दिला होता. संघीय पातळीवर, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे चाकू नेणाऱ्या प्रवाशाला वाटेतील राज्यांच्या कायद्यांपासून संरक्षण देणारे विधेयक २०१३ पासून वारंवार मांडले गेले आहे. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.