पारंपरिक चाली आणि चित्रपटातील श्रेयहक्क

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘चाल : पारंपरिक’ असे छापले की ती चाल कोणाचीच नाही, असे सर्रास धरून चालले जाते. भारतीय कायदा तसे म्हणत नाही. त्याच्या लेखी मुख्य प्रश्न दोन : चाल कोणी बांधली हे दाखवता येते का, आणि ती बांधणाऱ्याला जाऊन ६० वर्षे उलटली का. कर्ता अज्ञात असलेली जुनी चाल, ज्ञात कलावंताने जुन्या वळणावर बांधलेली नवी चाल आणि एखाद्याचे प्रत्यक्ष गायन-वादन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की कलावंत नागवला जातो.

चाल आणि शब्द : स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार संगीतकृतीत शब्द येत नाहीत, शब्दांचा हक्क निराळा. चाल स्वरलिपीत लिहिलेली असण्याची अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली, त्यामुळे लिहिता-वाचता न येणारा गायकही कायद्याने संगीतकार ठरतो. हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. तुकोबांचे शब्द सर्वांना खुले आहेत. पण त्यांच्या अभंगांना श्रीनिवास खळे यांनी लावलेल्या चाली, खळे २०११ मध्ये निवर्तल्यामुळे, २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. उलट पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लावण्यांवरचा हक्क २००५ अखेर संपला. लावणीच्या शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा शब्द कोणाचे ते सांगते. चाल फडातल्या दुसऱ्या कोणी बसवली असेल, तर तिचा पुरावा वेगळा ठेवावा लागतो.

डागर खटला : पुराव्याची ही बाजू किती नाजूक आहे हे ‘पोन्नियिन सेल्वन २’ (२०२३) या चित्रपटातील गाण्यावरून झालेल्या वादात दिसले. अडाणा रागातील ‘शिवस्तुती’ ही आपल्या वडिलांनी व काकांनी बांधलेली रचना आहे, असा दावा ध्रुपदगायक उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी केला. श्रेयनामावलीत फक्त डागरवाणी, म्हणजे डागर घराण्याच्या ध्रुपदशैलीच्या परंपरेचा उल्लेख होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २५ एप्रिल २०२५ रोजी दोघा दिवंगत डागर बंधूंची नावे देण्याचा आणि २ कोटी रुपये जमा करण्याचा अंतरिम आदेश दिला. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी तो रद्द केला. कारण असे की रचना गायल्याचा पुरावा म्हणजे ती बांधल्याचा पुरावा नव्हे. ध्वनिमुद्रिकेवर गायक म्हणून नाव असेल तर ‘ज्याचे नाव कर्ता म्हणून छापले तोच कर्ता’ हे कायद्यातले गृहीतक लागू होत नाही. मौखिक परंपरेतल्या कलावंतांना हा निकाल जड जाणारा आहे, कारण त्यांच्याकडे बहुधा गायनाच्या नोंदी असतात, बांधणीच्या नसतात.

कर्ता हयात असूनही ‘लोकगीत’ हा शिक्का कसा बसतो याचे उदाहरण बंगालमधले आहे. बीरभूमचे रतन काहार यांचे गीत २०२० मध्ये एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओगीतात त्यांच्या नावाविना वापरले गेले. लोकांनी आवाज उठवल्यावर त्यांना पैसे मिळाले, तेही कोर्टाबाहेर.

पुरावा कसा जपावा : नवी चाल बसवली की त्याच दिवशी पूर्ण गाऊन मुद्रित करावी आणि सुरुवातीला चाल कोणाची, शब्द कोणाचे, तारीख, ठिकाण हे बोलून घ्यावे. जुन्या मुखड्यावर फक्त अंतरे नवे असतील तर तेवढेच सांगावे. जास्त दावा केला की अख्खा दावा कोसळतो. ध्वनिमुद्रिका असो वा यूट्यूब, ‘गायक’ या ओळीबरोबर ‘संगीतकार’ ही ओळ हवीच. स्वामित्वहक्काची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, पण तिथली नोंदवही हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. त्यासाठी अर्जाचा नमुना १४, प्रत्येक संगीतकृतीस ५०० रुपये, सोबत स्वरलिपी. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते.

करार : सर्वांत जास्त हक्क इथेच जातात. चित्रीकरणाच्या दिवशी मानधनाच्या पावतीवर ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशी ओळ असते आणि कलावंत सही करून मोकळा होतो. हस्तांतर लेखी आणि सहीचे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून देता येत नाही. तशी अट निरर्थक ठरते. ती रॉयल्टी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत मिळते, मात्र सभासद होऊन प्रत्येक रचना तिथे नोंदवावी लागते. गायक-वादकांचा प्रयोगहक्क, म्हणजे आपल्या सादरीकरणावरचा हक्क, वेगळा, ५० वर्षांचा. पण चित्रपटात ज्याचे काम किरकोळ आहे आणि प्रघाताप्रमाणे ज्याचे नाव कुठेच दिले जात नाही, त्याला कायदा जवळपास प्रयोगकर्ताच मानत नाही. म्हणून झांज वाजवणाऱ्याचेही नाव करारात लिहून घ्यावे.

सामूहिक चाली : कर्ता अज्ञात असलेल्या, साऱ्या समाजाच्या गोंधळगीतांना किंवा राजस्थानातल्या मांगणियार या गायक-वादक समाजाच्या जुन्या गाण्यांना या कायद्यात मालक नाही. भौगोलिक मानांकन (एखाद्या प्रदेशाची खासियत असलेल्या मालाला मिळणारे संरक्षण) वस्तूंना मिळते, चालींना नाही. युनेस्कोच्या वारसा यादीत नाव आल्याने मालकी येत नाही. पारंपरिक ज्ञान आणि लोककला यांच्या संरक्षणाचा विचार करणारी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची समिती २००० साली नेमली गेली. तिच्या कामातून २०२४ मध्ये झालेल्या करारात जनुकीय संपत्ती आणि तिच्याशी निगडित ज्ञान आहे, लोकसंगीत नाही.

दाद : श्रेय मागण्याचा हक्क चाल विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो आणि २०१२ पासून वारसांनाही तो मागता येतो. नोटिशीत दोन्ही गाण्यांची स्वरलिपी ओळीखाली ओळ लावून द्यावी. राग एक असणे पुरेसे नाही, स्वरवाक्ये जुळली पाहिजेत. दावा मुंबईलाच लावायची गरज नाही : कलम ६२ प्रमाणे कलावंत जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो चालतो. भरपाईसाठी मुदत ३ वर्षांची, पण मनाईहुकूम हवा असेल तर टीझर दिसल्याबरोबर धाव घ्यावी. महिनोन्‌महिने गप्प राहिलेल्या फिर्यादीला अंतरिम आदेश मिळणे अवघड जाते.