पार्श्वभूमी: ‘बी’ नमुन्याचे प्रमाणपत्र आणि देखरेखीचा अडलेला प्रश्न

मोठी आग लागली की इमारतीला अग्निशमन दलाची ना हरकत होती का, याची चौकशी आधी सुरू होते. ती बहुतेक वेळा असतेच. तपासायला हवे ते जानेवारी आणि जुलैचे ‘बी’ नमुन्यातले प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला: तो कुणी दिला, आणि देण्यापूर्वी आगीचा पंप चालवून पाहिला होता का?

मुंबईत एके काळी आग विझवण्याचे काम पोलिसांकडेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते महापालिकेकडे आले आणि 1888 च्या महापालिका कायद्याने तिथेच स्थिरावले. पोलीस राज्याचे राहिले, 1951 च्या पोलीस कायद्याखाली. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेची नोंद झाली आणि ही सेवा स्थानिक संस्थांची असल्यावर शिक्कामोर्तब झाले. अधिकार खाली आले, पैसा त्या प्रमाणात आला नाही. म्हणून मोठ्या महापालिकेकडे उंच शिडीची वाहने असतात, तर छोट्या नगरपरिषदेला एकदोन बंबांवर भागवावे लागते आणि गावात आग लागली तर शेजारच्या शहराची वाट पाहावी लागते. 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पण दल किती सज्ज आहे आणि इमारती किती सज्ज आहेत, हे दोन वेगळे विषय आहेत आणि दुसऱ्याकडे फार उशिरा लक्ष गेले.

आजच्या व्यवस्थेचे मूळ 2006 मध्ये आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या: एक पोलिसांवरच्या देखरेखीची, दुसरी इमारतींच्या अग्निसुरक्षेची. 22 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांच्या याचिकेवर निकाल दिला आणि पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरणे नेमायला सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची पातळी धरली. कोठडीतल्या मारहाणीची तक्रार घेऊन गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचे, असा त्याचा अर्थ. शिवाय अपवादात्मक परिस्थितीत कारणे नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. उणिवा मोठ्या आहेत. तरी पोलिसांवर बाहेरच्या कुणाची नजर असावी, हे तत्त्व कायद्यात आले.

दुसरी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो डिसेंबर 2008 मध्ये लागू झाला, नियम 2009 चे. त्याआधी नकाशा मंजूर करताना आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी तपासणी व्हायची; एकदा माणसे राहायला आली की पुढे कोणी, कधी, काय तपासायचे याची सलग व्यवस्था नव्हती. नव्या कायद्याने जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. यंत्रणा बसवल्याचे ‘ए’ आणि ती चालू असल्याचे ‘बी’ प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाने (एजन्सीने) द्यायचे, आणि ‘बी’ वर्षातून दोनदा अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचे.

वाद आहे तो इथे. अभिकरणाची निवड मालक करतो, पैसेही तोच देतो. अनेकदा वार्षिक देखभालीचे कंत्राट ज्याच्याकडे, तोच प्रमाणपत्रावर सही करतो. म्हणजे आपल्याच कामाचा दाखला आपणच द्यायचा. कायदा करताना यामागचे कारण समजण्यासारखे होते: इमारती वाढत होत्या, अधिकाऱ्यांची पदे वाढत नव्हती, आणि प्रत्येक इमारतीत वर्षातून दोनदा जाणे दलाला शक्य नव्हते. मात्र या सवलतीला जोड हवी होती ती दलाकडून होणाऱ्या अचानक फेरतपासणीची. तपासणीचा अधिकार कायद्यात आहे. तो किती इमारतींत वापरायचाच, याचे बंधन नाही. त्यामुळे काम कागद जमा करण्यावर येऊन थांबले.

खरी चाचणी अर्ध्या-पाऊण तासाची असते. गच्चीवरच्या किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला (आगीच्या पाण्याच्या नळाच्या झडपेला) होज, म्हणजे पाण्याचा लवचीक पाइप, लावून तो व्हॉल्व्ह उघडायचा. दाब थोडा उतरताच जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) आपोआप सुरू झाला पाहिजे, आणखी उतरला की मुख्य पंप. मुख्य पंप एकदा सुरू झाला की आपोआप बंद पडता कामा नये, तो हाताने बंद करायचा असतो. वाहत्या पाण्यात वरच्या टोकाला सुमारे 3.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो का, ते गेजवर पाहायचे. मग मुख्य पंपाचा वीजपुरवठा तोडून डिझेल पंप सुरू होतो का, ते पाहायचे. व्हॉल्व्ह बंद असताना तळघरातल्या गेजचा काटा वर दिसला, एवढ्यावर सही झाली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

बिघाड बहुधा ठरलेले असतात. पंपाचे पॅनेल ‘मॅन्युअल’वर ठेवलेले असते, कारण गळतीमुळे जॉकी पंप रात्री सारखा सुरू-बंद होतो आणि रहिवासी आवाजाची तक्रार करतात. गळती काढण्याऐवजी स्विच फिरवला जातो. डिझेल इंजिनची बॅटरी उतरलेली असते. आगीसाठी राखलेले पाणी टंचाईत वापरले जाते. टाकीची रचना अशी हवी की बाहेरचे पाणी आधी आगीच्या टाकीत पडेल आणि ती भरून वाहिली की मगच घरगुती टाकीत जाईल. लँडिंग व्हॉल्व्हचे पितळी भाग चोरीला जातात, होजच्या जोडातले वॉशर सुकतात, फाटकाजवळच्या इनलेटमध्ये कचरा भरतो. या शेवटच्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. इमारतीचा पंप बंद पडला तर बंबातून त्याच इनलेटवाटे राइजरमध्ये (मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपात) पाणी सोडतात. तेही तुंबले असेल तर जवानांना जिन्याने वीस मजले होज ओढत न्यावा लागतो. विजेच्या डक्टचा प्रत्येक मजल्यावरचा भाग बुजवलेला नसेल तर धूर काही मिनिटांत वरपर्यंत पोहोचतो.

29 डिसेंबर 2017 च्या मुंबईतल्या कमला मिल आवारातील आगीत 14 जणांचा बळी गेला. त्यानंतर शहरात अग्निसुरक्षेचे नियम पाळले जातात का ते पाहणारे विभागवार अनुपालन कक्ष आले, नोटिसा वाढल्या. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षातल्या 10 बाळांचा जीव गेल्यावर राज्यभरातल्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयात आणि 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला.

ऑडिटमधून त्रुटींची यादी हाती येते, त्या दूर होत नाहीत. सरकारी रुग्णालयात यादीनंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी आणि निविदा अशी वाट असते. खासगी इमारतीला नोटीस देऊन वीज-पाणी तोडता येते, पोलिसांची मदत घेऊन ती रिकामीही करता येते. चालू जिल्हा रुग्णालयाची वीज तोडण्याचा आदेश कोणता अधिकारी काढील? मालक सरकार असेल तिथे या कायद्याची धार जवळजवळ संपते, आणि रुग्ण सर्वांत जास्त असतात ते तिथेच.

आगीनंतर पोलीस येतात, पंचनामा होतो, सदोष मनुष्यवध किंवा निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. त्या तपासात ‘बी’ प्रमाणपत्र हा महत्त्वाचा कागद असतो. पण सही आणि शिक्का याखेरीज त्यावर फारसे नसेल, तर चाचणी खोटी होती हे शाबीत करणे अवघड जाते. प्रमाणपत्रासोबत चाचणीची वेळ, वरच्या टोकाचा दाब, पंप सुरू झाला तेव्हाचा दाब आणि हजर असलेल्यांच्या सह्या जोडणे सक्तीचे केले, तर तपासाला धरायला काहीतरी मिळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, नमुना बदलावा लागतो.

पोलिसांसाठी उणिवांसकट का होईना, प्राधिकरण आहे. इमारतीला खोटे प्रमाणपत्र मिळाल्याची तक्रार मात्र रहिवाशाने त्याच दलाकडे करायची, ज्याने ते दाखल करून घेतले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार सार्वजनिक संस्थांनी आपणहून माहिती जाहीर करायची असते. कोणत्या इमारतीने यंदाचे ‘बी’ दिले, कोणत्या अभिकरणाने दिले आणि दलाने त्यांपैकी कुठे फेरतपासणी केली, अशी यादी प्रभागवार संकेतस्थळावर टाकली तर एकाच अभिकरणाने एका दिवसात किती इमारती ‘तपासल्या’, हे कुणालाही मोजता येईल.